आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मित्रांनो, खरं सांगा, स्क्रीनवर एरर आली की तुम्ही आधी काय करता? वाचता? छे! कॉपी करून सर्च मारता आणि पहिलं मिळेल ते उत्तर पेस्ट करता. मीही तेच करायचे.

घरच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून मी सर्व्हर बनवला. त्यावर अपाचे ग्वाकामोली बसवलं, म्हणजे हॉस्टेलच्या खोलीतून साध्या ब्राउझरमध्ये घरचा विंडोज डेस्कटॉप दिसावा. त्याच्या पुढे एनजिनएक्स हा रिव्हर्स प्रॉक्सी. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे आपल्या गेटवरचा वॉचमनच समजा. पाहुणा गेटवरच थांबतो, वॉचमन आत निरोप देतो आणि उत्तर घेऊन येतो.

सगळं जोडलं आणि समोर काय? '५०२ बॅड गेटवे'! तीन रात्री मी राउटर, फायरवॉल, सर्टिफिकेट बदलत बसले. एक मैत्रीण म्हणाली, "कशाला डोकं फोडतेस? राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून टाक, काम खलास!" मोह झाला होता. पण त्याच डेस्कटॉपवर पप्पांच्या दुकानाचे हिशोब आहेत. २०१९ साली रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचं भोक सापडलं होतं. पासवर्ड नसतानाही आत शिरता येईल असं! मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा पॅच काढला. माझ्या सोयीसाठी पप्पांची तिजोरी रस्त्यावर ठेवायची का?

चौथ्या रात्री लॉग उघडला. एकच ओळ होती: १२७.०.०.१ च्या ८०८० पोर्टवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. माझा एनजिनएक्स डॉकरच्या कंटेनरमध्ये होता, आणि कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. वॉचमन आपल्याच केबिनचं दार ठोठावत होता! त्या ५०२ चा अर्थच असा होता, की मी वॉचमनपर्यंत पोचले आहे, अडचण त्याच्या पुढे आहे. म्हणजे राउटर आणि सर्टिफिकेट पहिल्यापासून ठीकच होते. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

पत्ता सुधारला, लॉगिन झालं, पण माउस कासवासारखा. या वेळी आधी ब्राउझरचं नेटवर्क पान पाहिलं. वेबसॉकेट जोडलंच जात नव्हतं, म्हणून ग्वाकामोली गुपचूप साध्या एचटीटीपीवर चाललं होतं. 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे हेडर एनजिनएक्स आपणहून पुढे देत नाही, लिहून द्यावे लागतात. ते दिले, बफरिंग बंद केलं. दहा मिनिटांत माउस पळायला लागला.

तीन रात्री आणि दहा मिनिटं! फरक हुशारीचा नव्हता, वाचण्याचा होता. आणि इथेच मला आपल्या प्रॅक्टिकल्सबद्दल बोलायचंय. लॅबमध्ये सगळं आधीच चालू असतं. आउटपुट आलं की जर्नलवर सही! बिघडलं तर आपण शेजारच्या पीसीवर जाऊन बसतो. मग बिघाड शोधायला शिकणार कधी? नोकरीत तर बिघडलेलंच समोर येणार ना?

म्हणून सर आणि मॅडमना विनंती, सेमिस्टरमध्ये एक तरी प्रॅक्टिकल मुद्दाम बिघडवून द्या. मार्क आउटपुटला नकोत, दोष कसा शोधला ते लिहिण्याला द्या. आणि दोस्तांनो, पुढची एरर आली की पेस्ट करायच्या आधी लॉग उघडा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बंब न्यायचाच असेल, तर आग लागलीय तिथे न्या!