हसू कोणाचे, फलक कोणाचा?

नेरळपासून कर्जतपर्यंत आणि पुढे खोपोलीपर्यंत दंतवैद्यांचे फलक पाहत गेले, की एक विसंगती डोळ्यांत भरते. दवाखाना रायगडातला, डॉक्टर इथलाच, रुग्ण आसपासच्या गावांतले आणि वाड्यांवरचे. पण फलकावर हसणारा चेहरा परदेशी असतो. त्याचे दात कागदासारखे पांढरे असतात. असा चेहरा कर्जतच्या बाजारात किंवा खालापूरच्या तहसील कचेरीत कोणी पाहिलेला नसतो.

हे जाहिरातवाल्यांच्याही लक्षात आले आहे. म्हणून आता सल्ला मिळतो, ‘विकतची छायाचित्रे नकोत, खरी माणसे दाखवा. बाजारात, यात्रेत, शिबिरात कॅमेरा घेऊन जा, लोक नकळत हसत असतील तेव्हा टिपा आणि ते हसू दवाखान्याच्या पानावर लावा.’ स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरच्या जगण्याचे छायाचित्रण, ही एक जुनी आणि मानाची कला आहे. ती दंतवैद्यकाच्या जाहिरातीला जुंपावी असा हा विचार. वरवर तो चांगला वाटतो, पण त्यात एक धोका आहे आणि तो विशेषतः कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांना आहे.

आधी दंतवैद्याची बाजू समजून घ्यायला हवी. ग्रामीण भागात दात हा शेवटी आठवणारा अवयव आहे. दाढ ठणकते, लवंग दाबली जाते, दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते आणि गाल सुजल्यावर दवाखान्याची पायरी चढली जाते. तोपर्यंत जे काम एका भरणीत झाले असते ते रूट कॅनॉलवर किंवा दाढ काढण्यावर गेलेले असते. नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टरवर खुर्ची, एक्स-रे आणि जागेचे कर्ज असते. आपण इथे आहोत हे लोकांना कळलेच नाही, तर तो जगणार कसा?

दुसरीकडे नियम कडक आहेत. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार जाहिरात करून, थेट किंवा आडमार्गाने, रुग्ण मिळवणे गैर ठरते. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही काळ बंद राहणार आहे किंवा पुन्हा उघडला, अशा मोजक्या प्रसंगी निवेदन देता येते. हे नियम एखाद्या सोवळ्या मंडळाच्या लहरीतून आलेले नाहीत, त्यामागे इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘पेनलेस’ पार्कर नावाचा दंतवैद्य गाजला. तो रीतसर शिकलेला होता, पण दवाखान्यात बसून रुग्ण येईनात. मग त्याने रस्त्यावर तमाशा मांडला. गाडीवर खुर्ची, शेजारी वाजंत्री आणि भोवती बघे. दात काढायला अर्धा डॉलर, दुखले तर पाच डॉलर परत, अशी हाळी. बँड मोठ्याने वाजला की रुग्णाचे ओरडणे गर्दीला ऐकू येत नसे. एका दिवसात काढल्याचे सांगत तो ३५७ दातांची माळ गळ्यात घाली. ती माळ आजही फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाच्या संग्रहात आहे. खोट्या नावाने व्यवसाय करण्यावर बंदी आली, तेव्हा १९१५ मध्ये त्याने कायदेशीररीत्या आपले नावच ‘पेनलेस’ करून घेतले. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. ज्या गरिबांनी दंतवैद्य पाहिलाही नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. मात्र गर्दीसमोर उघडलेले तोंड रुग्णाचे राहिले नाही, ते पार्करच्या खेळातले साहित्य झाले.

आपल्याकडेही याचे एक रूप होते. पदपथावर चादर अंथरून, तीवर कवळ्या आणि सुटे दात मांडून बसणारा दातवाला. चादरीवरच्या कवळ्या हीच त्याची जाहिरात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, तरी तो लगेच नाहीसा झाला नाही. देशी-विदेशी छायाचित्रकारांचा तो आवडता विषय राहिला. त्या छायाचित्रांत रंग असतो, गंमत असते. न उकळलेल्या चिमट्यातून एकाच्या रक्तातला संसर्ग दुसऱ्याकडे जातो, हे मात्र त्यात दिसत नाही.

छायाचित्र काय दाखवते आणि काय लपवते, हा प्रश्न आजच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडचित्रांनाही लागू आहे. पहिले चित्र मंद उजेडात, ओठ मिटत आलेले असताना. दुसरे झगझगीत प्रकाशात, ओठ ताणून, दात नुकते घासलेले असताना. मधला फरक उपचाराचा किती आणि दिव्याचा किती, हे रुग्णाला कळत नाही. शिवाय कॅप बसवल्याच्या दिवशी ती चांगलीच दिसते. तिच्या कडेखाली कीड शिरली का, हिरडी सुजली का, घास चावताना ती टोचते का, याचे उत्तर काही वर्षांनी मिळते. ते कोणी फलकावर लावत नाही.

रंगाचेही तसेच. निरोगी दात कागदासारखा पांढरा नसतो. वरचे एनॅमल अर्धपारदर्शक असते आणि त्यातून आतल्या डेंटिनचा पिवळसर रंग डोकावतो. वय वाढते तसे एनॅमल झिजते आणि ही छटा गडद होते. फलकावरच्या पांढऱ्याशुभ्र दातांशी तुलना करून एखादी मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागली, तर आजार नसलेल्या ठिकाणी आजार निर्माण झाला असे म्हणावे लागेल. म्हणून परदेशी चेहरा फलकावरून उतरावा हे खरेच. प्रश्न आहे तो त्या जागी कोणाचा चेहरा आणि कसा चढतो याचा.

स्ट्रीट फोटोग्राफीचे मोठेपण नजरेत आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर पोहोचली. रस्त्यावरच्या हालचालीत एक क्षण असा येतो की सगळे अर्थासह जुळून येते. रघुबीर सिंह यांनी रंगीत छायाचित्रांतून मुंबईचे रस्ते असेच पाहिले. कर्जत-खालापूरलाही अशा क्षणांची वाण नाही. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेतला सुक्या मासळीचा बाजार, महडच्या वरदविनायकाला माघी जयंतीची रांग, माथेरानच्या लाल मातीतून हातरिक्षा ओढत आलेला माणूस, घाट चढण्यासाठी मागे इंजिन जोडले जात असताना कर्जत स्थानकावर वडापावासाठी उडालेली झुंबड. चांगला छायाचित्रकार या गर्दीत माणूस पाहतो, नुसते दात पाहत नाही.

ही नजर डॉक्टरलाही शिकण्यासारखी आहे. त्याच फलाटावर एखादा तरुण वडापावाचा मोठा घास न घेता चिमटीने तुकडे तोडून खात असेल, तर पाहणाऱ्याने थबकावे. कदाचित त्याचे तोंडच पुरेसे उघडत नसेल. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते. सबम्युकस फायब्रोसिस हे तिचे वैद्यकीय नाव. घरबसल्या तपासायचे तर आपलीच तीन बोटे एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी जातात का ते पाहावे. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावे. आखडलेले तोंड पूर्ववत होणे कठीण असते आणि याच विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यातले बहुतेक ती ओढणारे नव्हते. चघळणारे, दाढेखाली धरणारे किंवा मशेरी लावणारे होते. असे तोंड वेळेत ओळखणे ही दंतवैद्याची खरी कामगिरी. पण जाहिरातीच्या कॅमेऱ्याला नेमके हेच तोंड नको असते.

मग कलावंताने न विचारता टिपलेला चेहरा चालतो आणि दंतवैद्याने लावलेला का चालू नये? या प्रश्नाचा निवाडा शंभर वर्षांपूर्वीपासून होत आला आहे. अमेरिकेत अबिगेल रॉबर्सन या तरुणीचे छायाचित्र एका पिठाच्या कंपनीने तिला न विचारता सुमारे २५ हजार भित्तिपत्रकांवर छापले. ती पत्रके दुकानांत, गोदामांत लागली. ती न्यायालयात गेली आणि १९०२ मध्ये हरली. लोक इतके संतापले की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा करून संमतीशिवाय कोणाचा चेहरा जाहिरातीत वापरण्यास मनाई केली. त्याच राज्यात २००६ मध्ये उलट बाजूचा खटला गाजला. फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमधून जाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपून प्रदर्शनात मांडले. एका धर्मनिष्ठ वृद्धाने दावा लावला. ही कला आहे, जाहिरात नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात म्हटले आहे, की संमतीवाचून एखाद्याचे नाव किंवा छबी जाहिरातीसाठी वापरली तर त्याच्या खासगीपणाचा भंग होतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. थोडक्यात, रेषा कॅमेऱ्यात नाही, हेतूत आहे. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली; तिथली छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली ती बातमी म्हणून. साजगावच्या यात्रेतले म्हातारीचे हसू प्रदर्शनात लागले तर ती कला. तेच हसू ‘आमच्याकडे कवळी बसवा’ या ओळीवर लागले, की तो व्यापार होतो. आणि व्यापारात दुसऱ्याची वस्तू न विचारता घेत नाहीत.

दवाखान्यात आणि शिबिरात ही रेषा आणखी ठळक होते, कारण तिथे दोन्ही बाजू सारख्या बळाच्या नसतात. कातकरी किंवा ठाकूर वाडीवर मोफत दंत तपासणी आहे. पांढरा कोट, सोबत सरपंच, मागे बॅनर. मुलांना रांगेत उभे करून ‘आ’ करायला लावतात आणि फोन बाहेर निघतात. ‘फोटो काढू का?’ या प्रश्नाला नाही म्हणण्याची ताकद त्या रांगेत कोणाकडे असते? फुकटात मिळणाऱ्या उपचाराची ती न लिहिलेली किंमत होऊन बसते. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत, त्याच्याकडून त्याचे उघडे तोंड घेतले जाते. संध्याकाळपर्यंत ते शंभर फोनांवर जाते आणि शाळेत त्या पोरीला किडक्या दातांवरून नवे नाव पडते.

यावर ‘जाहिरात करूच नका’ हा उपदेश पुरेसा नाही. माहिती देणे आणि रुग्ण ओढणे यांत फरक आहे. ठळक पण आटोपशीर फलक, त्यावर पदवी आणि नोंदणी क्रमांक. वेळा आणि फोन. कोणते काम इथे होते आणि कशासाठी पनवेल किंवा मुंबईला जावे लागेल. दरांचा तक्ता आतल्या भिंतीवर मराठीत. एवढ्याने माणूस दारात येतो. तो दुसऱ्यांदा येतो ते मात्र दुसऱ्याच कारणाने. दाढ काढल्याच्या रात्री डॉक्टरने फोन करून विचारपूस केली, वाचू शकणारी दाढ उगाच काढली नाही, जमत नव्हते तिथे सरळ पुढे पाठवले. वाडीवर अशी बातमी फलकाहून लवकर पोहोचते.

आणि रुग्णाचे छायाचित्र लागणारच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. उपचाराच्या संमतीपत्रात ते दडपू नये, वेगळा कागद करावा. तो मराठीत असावा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावा. छायाचित्र कुठे लागणार हे नेमके सांगावे. नकार दिला तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही हे आधी सांगावे आणि तसेच वागावे. पुढे कधीही ‘काढून टाका’ म्हटले तर काढावे. विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही हेच मानतो. संमती मोकळी, नेमकी आणि परत घेता येणारी हवी, तिची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी. शिबिरात तर तपासणी संपेपर्यंत फोन खिशातच राहावा. देणगीदाराला किंवा वरिष्ठांना पुरावा हवा असेल, तर किती मुलांच्या दाढा भरल्या आणि किती जणांना पुढे पाठवले याचे रजिस्टर पुरते.

वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे, की खुर्चीत बसल्यावर तोंड उघडावे लागते ते उपचारासाठी. कॅमेरा दिसला तर ‘हे कशाला?’ असे विचारण्याचा हक्क मोफत उपचारातही शाबूत असतो. उत्तर पटले नाही तर नाही म्हणावे. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. तो फोन बाजूला ठेवतो, दिवा जवळ ओढतो आणि कामाला लागतो.