विश्रांतीचा हिशेब



मुद्दल शाबूत राहिले तर व्यापार पुन्हा उभा राहतो, हे आपल्या घरांतील मुले पेढीवर बसण्यापूर्वीच शिकतात. खेळाडूचे मुद्दल म्हणजे त्याचे शरीर. ते किती वापरावे आणि केव्हा राखावे, या प्रश्नावर अमेरिकेत २०१२ साली मोठा वाद झडला होता.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याच्या प्रत्येक वेगवान फेकीचा ताण कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर येतो. तो तुटला की पूर्वी कारकीर्दच संपत असे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातील स्नायुरज्जू बसविला. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

वॉशिंग्टन नॅशनल्स संघाच्या स्टीफन स्ट्रासबर्गने जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात चौदा फलंदाज बाद केले. तीन महिन्यांतच, बाविसाव्या वर्षी, त्याच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. २०१२ चा हंगाम हा त्यानंतरचा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. संघाचे सरव्यवस्थापक माइक रिझो यांनी त्याच्या डावांवर मर्यादा घालण्याचे आधीच ठरविले होते. सुमारे १५९ डाव होताच, सप्टेंबरमध्ये, त्याला थांबविण्यात आले. तेव्हा हात दुखत नव्हता आणि संघ अव्वल होता. स्ट्रासबर्ग स्वतः नाराज झाला. पुढे बाद फेरीत सेंट लुईसविरुद्ध पाचव्या, निर्णायक सामन्यात नॅशनल्स हरले आणि रिझोंवर टीकेची झोड उठली.

या निर्णयाचा ताळेबंद सरळ नाही. २०१९ मध्ये नॅशनल्सने विश्वविजेतेपद पटकाविले, तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्गच होता. त्यानंतर सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला. परंतु दुखापतींमुळे तो पुढे केवळ आठ सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. विश्रांती म्हणजे विमा नव्हे. ती जोखीम कमी करते, नाहीशी करीत नाही.

लहान वयात तर ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते. अमेरिकेत २०१४ पासून प्रचलित असलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसात पंच्याण्णवहून अधिक फेकी करू नयेत, आणि सहासष्ट किंवा त्याहून अधिक फेकी झाल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तेष्टांची मुले हा खेळ खेळतात. त्यांच्या पालकांनी एक गोष्ट अवश्य करावी. शाळेचा संघ वेगळा, क्लबचा संघ वेगळा, प्रत्येक प्रशिक्षक आपापल्यापुरते मोजतो. हात मात्र एकच असतो. म्हणून सर्व फेकींची एकच वही घरी ठेवावी.

शस्त्रक्रियेनंतर वेदना आधी जाते, बळ मागाहून येते. सामन्यात परतण्यास बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ‘आता काही दुखत नाही’ हे मुलाचे वाक्य खरे असले, तरी केवळ त्यावर निर्णय घेऊ नये. वैद्यांनी आखून दिलेला क्रम पाळावा. सामना हुकल्यावर मूल रुसेल, संघ नाराज होईल. त्या वेळी ठाम राहणे हे घरातील वडीलधाऱ्यांचेच काम आहे.