ओक ट्री रोडवरचे तिकीट

न्यू जर्सीत पोलिसाने हातात दिलेले वाहतुकीचे तिकीट म्हणजे कायद्याच्या भाषेत फिर्याद आणि समन्स, दोन्ही एकाच कागदावर. राज्याच्या वाहतूक कायद्याखाली, म्हणजे ‘टायटल 39’खाली, चालकावर खटला दाखल झालेला असतो. ज्या गावाच्या हद्दीत प्रकार घडला, त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात तो चालतो. चालक राहतो कुठे, गाडीची नोंदणी कुठली, याला महत्त्व नाही. राज्यात 564 नगरपालिका आहेत. मोठ्यांची कोर्टे स्वतंत्र आहेत, तर कित्येक लहान गावांनी मिळून एकच कोर्ट ठेवले आहे. त्यामुळे तिकीट हरवले किंवा पावसात भिजून अक्षरे पुसली, की ते कुठल्या कोर्टाचे होते हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

मराठी घरांना रोजच्या ओळखीच्या ओक ट्री रोडवरच हा घोळ पाहायला मिळतो. किराणा, मिठाई, सोने आणि साड्यांच्या दुकानांची ती रांग गाडीतून जाताना एकसलग वाटते. पण तिचा काही भाग एडिसन टाउनशिपमध्ये आहे आणि काही इझलिनमध्ये. इझलिन हे टपालाच्या पत्त्यातले नाव. त्याची स्वतःची नगरपालिका नाही. ते वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडते. म्हणजे एकाच रस्त्यावर, थोड्या अंतराने मिळालेली दोन तिकिटे दोन वेगळ्या कोर्टांत जाऊ शकतात, आणि ‘इझलिनचे कोर्ट’ शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. प्रिन्स्टन जंक्शनचेही तसेच: ते प्रिन्स्टनमध्ये नसून वेस्ट विंडसरमध्ये आहे. टर्नपाइकवर किंवा पार्कवेवर राज्य पोलिसांनी अडवले, तर त्या ठिकाणी रस्ता ज्या गावातून जातो, त्या गावाचे कोर्ट. त्या गावात चालकाने कधी पाऊलही ठेवलेले नसते.

तिकीट हातात असेल तर सगळे त्यावरच छापलेले असते. वरच्या बाजूला कोर्टाचा चार आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे परगण्याचे, पुढचे दोन गावाचे: मिडलसेक्सचा 12, म्हणून एडिसन 1205 आणि वुडब्रिज 1225. शेजारी तिकिटाची आद्याक्षरे व क्रमांक असतो, खाली कलम आणि कोर्टाची तारीख. या साऱ्यात डोळ्यांतून निसटणारी, पण सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे ‘कोर्टात हजर राहणे आवश्यक’ असा छोटा चौकोन. त्यात खूण असेल तर पैसे भरून सुटका नाही. खूण नसेल तर ठरलेल्या दरपत्रकानुसार दंड भरता येतो. न्यायखात्याच्या ‘एनजेएमसीडायरेक्ट’ या संकेतस्थळावर कोर्टाचा क्रमांक, तिकिटाची आद्याक्षरे व क्रमांक आणि गाडीची नंबर प्लेट घातली की तिकीट समोर येते. तिकीटच हरवले असेल तर नगर न्यायालयांतील खटले शोधण्याची वेगळी सोय आहे. तिथे नावावरूनही शोध घेता येतो.

नावावरून शोधताना आपल्याकडची माणसे हमखास अडखळतात. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र आलेले असते, लायसन्सवर ते तसेच उतरते आणि पोलीस लायसन्सवरूनच तिकीट लिहितो. नेहमीच्या वापरातले सुटसुटीत नाव घातले की नोंद सापडत नाही, आणि ‘काहीच दिसत नाही, म्हणजे काही नसेल’ असा समज होतो. लायसन्सवर जसे छापले आहे तसे नाव घालणे, आणि तरीही काही दिसले नाही तर त्या कोर्टाच्या कचेरीत फोन करणे, हाच खात्रीचा मार्ग.

तिकीट सापडल्याबरोबर पडद्यावर पैसे भरण्याचे बटण येते. ते दाबणे म्हणजे गुन्हा कबूल करणे आणि खटल्याचा हक्क सोडणे. मनस्ताप टाळण्यासाठी पन्नास-शंभर डॉलर भरून मोकळे होणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात असते. दंडाची रक्कम कोर्टाकडे जाते. पण दोषसिद्धीची नोंद कोर्टाकडून मोटार वाहन आयोगाकडे, म्हणजे एमव्हीसीकडे जाते आणि तिथे लायसन्सवर पॉइंट चढतात. मर्यादेपेक्षा ताशी 14 मैलांपर्यंत जास्त वेगाला 2, 15 ते 29 मैलांना 4, त्यापुढे 5. बेफिकीर गाडी चालवण्याला 2, बेदरकारपणे चालवण्याला 5. तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की एमव्हीसी 150 डॉलरचा अधिभार लावते, आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटमागे 25 डॉलर. याचे बिल वेगळे येते आणि कोर्टाला त्याच्याशी देणेघेणे नसते. 12 पॉइंटांना लायसन्स निलंबित होते. वर्षभर नवा गुन्हा आणि निलंबन नसेल तर 3 पॉइंट कमी होतात. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंगचा वर्ग केला तर 2, पण तो लाभ पाच वर्षांतून एकदाच.

गुन्हा नाकबूल केला तर आधी सरकारी वकिलाशी बोलणे होते. साथीच्या काळापासून किरकोळ प्रकरणे बरीचशी पडद्यावरच चालतात. पूर्वी कोर्टाच्या बाकांवर फायली धरून बसलेली रांग आता घरच्या टेबलाशी बसते, इतकाच फरक. पुष्कळदा वेगाचे तिकीट ‘असुरक्षित ड्रायव्हिंग’च्या कलमाखाली आणले जाते. 2000 साली आलेल्या या कलमाला पहिल्या दोन वेळी पॉइंट नाहीत. मात्र पहिल्या वेळचा 50 ते 150 डॉलर दंड आणि कोर्टखर्च यांच्या जोडीला 250 डॉलरचा अधिभार असतो. पॉइंट वाचतात, खिसा हलका होतो. वकिलांशी तडजोड झाली म्हणजे काम संपले असेही नाही. न्यायाधीश कबुली घेण्याआधी काय घडले ते चालकाच्या तोंडून ऐकतात, आणि ‘मी काही केले नाही, पण कबूल आहे’ या उत्तरावर कबुली नाकारू शकतात. अपघाताचे प्रकरण असेल तर ही कबुली पुढच्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरली जाऊ नये, अशी विनंती त्याच वेळी करता येते. घाईत ती विसरली जाते.

खटलाच चालवायचा असेल तर ज्यूरी नसते. न्यायाधीश एकटे निकाल देतात, पण गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारचीच. पोलिसांकडची कागदपत्रे, वेग मोजणाऱ्या यंत्राच्या तपासणीचे दाखलेसुद्धा, सरकारी वकिलाकडून लेखी मागता येतात. ही मागणी नुसता उपचार समजू नये. 2018 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टेट विरुद्ध कॅसिडी’ या निकालात मिडलसेक्स आणि सॉमरसेटसह पाच परगण्यांतल्या 20 हजारांहून अधिक श्वासचाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या, त्या यंत्राच्या अंशांकनातली एक पायरी गाळली गेल्यामुळे. इंग्रजी नीट न येणाऱ्याला दुभाषा मोफत मिळतो. तो आधी कळवून मागवावा लागतो. निकालाविरुद्ध सुपीरियर कोर्टात अपील करायला 20 दिवस असतात.

तिकीट तसेच पडू देण्याची सवय महाराष्ट्रातून येते. तिथले ई-चलान गाडीच्या नंबरावर साचत जाते आणि लोकअदालतीत सवलतीने मिटेल, या भरवशावर माणसे थांबतात. इथे चालत्या गाडीचे तिकीट चालकाच्या लायसन्सला चिकटते. तारीख चुकली की कोर्टाची नोटीस, मग लायसन्स निलंबनाची, काही प्रकरणांत अटक वॉरंट. या नोटिसा नोंदलेल्या पत्त्यावर जातात. घर बदलल्यावर आठवड्याच्या आत एमव्हीसीला कळवावे लागते. जुन्या अपार्टमेंटच्या पत्रपेटीत नोटीस पडून राहते आणि चालकाला निलंबनाची बातमी पुढच्या वेळी अडवणारा पोलीस देतो. निलंबित लायसन्सवर गाडी चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड 500 डॉलर, आणि लायसन्स परत सुरू करण्याचे शुल्क 100. जानेवारी 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 15 वर्षांहून जुनी, मुख्यतः पार्किंगची आणि किरकोळ वाहतुकीची 7 लाख 87 हजारांवर प्रकरणे एका आदेशाने निकालात काढली. पण तो आदेश 2003 पूर्वीच्या प्रकरणांपुरता होता.

राज्याची सीमा ओलांडली की व्यवस्था बदलते. न्यूयॉर्क शहरातली चालत्या गाडीची तिकिटे कोर्टात न जाता मोटार वाहन खात्याच्याच एका विभागापुढे चालतात, आणि तिथे तडजोडीची सोय नाही. पेनसिल्व्हेनियात ती मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट न्यायाधीशांपुढे जातात. त्यांच्या नोंदी राज्याच्या न्यायपोर्टलवर कोणालाही पाहता येतात. फिलाडेल्फियात एकेकाळी स्वतंत्र ट्रॅफिक कोर्ट होते. ओळखीपाळखीने तिकिटे मिटवल्याच्या आरोपांवरून 2013 मध्ये तिथल्या न्यायाधीशांवर केंद्र सरकारने खटले भरले आणि त्याच वर्षी ते कोर्ट गुंडाळले गेले. दुसऱ्या राज्यातल्या दोषसिद्धीची नोंद न्यू जर्सीत येतेच, आणि लायसन्सवर 2 पॉइंट चढतात.

2025 पासून ‘थकलेले तिकीट आजच भरा’ असे खोटे संदेश फोनवर येत आहेत. संदेशातला दुवा न उघडता तिकिटाचा क्रमांक न्यायखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहावा.

जुनी नोंद बहुतेकांना पहिल्यांदा हवी होते ती नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी. अटक झालेली नसेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि दंड 500 डॉलरपेक्षा कमी असेल, तर वाहतुकीच्या तिकिटाची कागदपत्रे जोडण्यातून अर्जाच्या सूचनांत साधारणपणे सूट आहे. दारू पिऊन गाडी चालवणे मात्र न्यू जर्सीत वाहतुकीचा गुन्हा मानले जात असले, तरी व्हिसावर असलेल्याचा व्हिसा केवळ अटकेवरूनही रद्द होऊ शकतो. शिवाय वाहतुकीची दोषसिद्धी न्यू जर्सीत फौजदारी नोंदीसारखी पुसून घेता येत नाही. लायसन्सचा पाच वर्षांचा इतिहास एमव्हीसीकडून 15 डॉलरमध्ये मिळतो. पण त्यात दोषसिद्धी आणि निलंबने दिसतात, खटल्याचे निकालपत्रक नव्हे. प्रमाणित निकालपत्रक निकाल देणाऱ्या कोर्टाच्या कचेरीतूनच घ्यावे लागते, आणि मधल्या काळात त्या गावाचे कोर्ट शेजारच्या गावात विलीन झाले असेल तर त्या नव्या कोर्टाकडून.