गाडी राहिली तर पाटीचा वाद

एस. टी. कामगारांच्या संघटना संपाची नोटीस देतात, तेव्हा सीमाभागातील खेड्यांत एकच प्रश्न विचारला जातो : उद्या मुक्कामाची गाडी येणार का? कामगारांचे म्हणणे काय, हे कोणी गावाला सांगितलेलेच नसते. कामगार पुढाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, असे आम्हांस वाटते.

आपली खेडी दोन राज्यांच्या गाड्यांवर जगतात. निपाणी-खानापूरची माणसे रोज वायव्य कर्नाटक महामंडळाच्या गाडीने फिरतात, कोल्हापूर-गडहिंग्लजला जाताना महाराष्ट्राची लाल गाडी धरतात. गाडीच्या पाटीवर कोणती भाषा असावी हा वाद आपण सोडलेला नाही. पण गाडीच उरली नाही तर पाटी लावायची कुठे?

2021 च्या एप्रिलमध्ये कर्नाटकातील कामगार सहाव्या वेतन आयोगासाठी दोन आठवडे संपावर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी पुढे आली आणि संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, विलीनीकरण मात्र नाकारले. हजारोंवर बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली, आणि अखेर उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत रुजू होण्यास सांगितले. याउलट सप्टेंबर 2024 मध्ये, गणपतीच्या तोंडावर, संघटना एकत्र आल्या आणि दोनच दिवसांत साडेसहा हजारांची वाढ घेऊन उठल्या. (गणपतीला गावी निघालेला चाकरमानी मतदारही असतो, हे सरकारला ठाऊक आहे.) कर्नाटकात 5 ऑगस्ट 2025 चा संप 38 महिन्यांच्या थकबाकीसाठी होता, तो न्यायालयाच्या आदेशामुळे त्याच दिवशी स्थगित झाला.

लांबलेल्या संपात गाव वडापकडे वळते, आणि एकदा वळलेला प्रवासी सहजी परत येत नाही. सवलतींनी तो काही अंशी परत आणला : महाराष्ट्रात मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट, कर्नाटकात जून 2023 पासून मोफत प्रवास. आपल्या आयाबहिणींना याचा मोठा आधार झाला. पण या सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते. ती रखडली की त्याची झळ कामगारांच्या देण्यांनाच लागते. म्हणजे मोफत तिकिटाचे पैसे काही अंशी कामगारच भरतो. हे गावाला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट भाड्याच्या गाड्यांची. त्यांत वाहक महामंडळाचा, चालक ठेकेदाराचा. अशी गाडी आली नाही तर आगारात दाद मागावी की ठेकेदाराकडे? मुक्कामाच्या गाडीचे चालक-वाहक देवळात किंवा शाळेत झोपतात, गावातली भाकरी खातात. कोणाच्या मुलीची दहावीची परीक्षा आहे हे त्यांना माहीत असते, आणि ती येईपर्यंत ते घंटी मारत नाहीत. ठेक्यावर आज आलेला व उद्या बदललेला माणूस हे कशाच्या जोरावर करील?

तेव्हा पुढच्या नोटिशीपूर्वी संघटनांनी आगाराच्या फाटकावरील सभेबरोबर गावच्या चावडीवरही एक सभा घ्यावी, आणि वेतनाच्या मागणीशेजारी बंद पडलेल्या फेऱ्यांची यादी जोडावी. ती यादी त्यांना कार्यालयात मिळणार नाही, गावातच मिळेल. चंदगड, निपाणी, खानापूर आगारांखालील ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ती करावी आणि एक प्रत आगार व्यवस्थापकाला, दुसरी कामगार संघटनेला द्यावी.