महापौर शहराचा की पक्षाचा?

नोव्हेंबर 2025 मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले, तेव्हा आपल्याकडे अधिक चर्चा झाली ती त्यांच्या मातोश्री मीरा नायर यांची. जूनमध्ये घडले ते त्याहून महत्त्वाचे होते. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना पक्षातील मातब्बरांचे पाठबळ असूनही उमेदवारीच्या लढतीत पक्षाच्या सामान्य मतदारांनी त्यांना नाकारले. तेथे नेता तर मतदार ठरवतोच, उमेदवारही तोच ठरवतो.

कोलकात्यात हे घडू शकते काय? वस्तुतः भारतातील बलवान महापौरांत कोलकात्याच्या महापौराची गणना होते. 1924 मध्ये देशबंधू चित्तरंजन दास या पदावर आले आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हापासून या पदाला राजकीय वजन आहे. 1980 च्या कायद्याने तेथे महापौर परिषद, म्हणजे शहराचे छोटे मंत्रिमंडळच, निर्माण केले. आयुक्त या परिषदेच्या देखरेखीखाली काम करतो. मुंबईत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आणि महापौराकडे सभागृहाचे अध्यक्षपद व समारंभ! 1998 मध्ये युती सरकारने मुंबईतही हा प्रयोग केला, पण तो वर्षभरातच गुंडाळला गेला.

अधिकार आहेत, जनादेश मात्र उसना, हे कोलकात्याचे दुखणे आहे. तेथे महापौर निवडतात नगरसेवक, आणि नगरसेवक निवडतात पक्षश्रेष्ठींनी सुचवलेले नाव. 2018 च्या नोव्हेंबरात शोभन चटर्जी यांनी राजीनामा दिला. पक्षाच्या मनातील उत्तराधिकारी फिरहाद हकीम हे राज्यात मंत्री होते, नगरसेवक नव्हते. मग त्याच महिन्यात विधानसभेने कायदा दुरुस्त केला. नगरसेवक नसलेल्या व्यक्तीने आधी महापौर व्हावे आणि सहा महिन्यांत एखाद्या प्रभागातून निवडून यावे, अशी सोय झाली. मे 2020 मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हा हकीम हेच प्रशासक मंडळाचे प्रमुख झाले. निवडणूक डिसेंबर 2021 मध्ये झाली. तृणमूल काँग्रेसने 144 पैकी 134 प्रभाग जिंकले, हे खरे. परंतु महापौर कोण, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच.

थेट निवडणूक हा रामबाण उपाय आहे, असे मात्र महाराष्ट्राला सांगून पटणार नाही. नगराध्यक्षाची थेट निवड 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. सरकार बदलले की पद्धत बदलते.

74 व्या घटनादुरुस्तीने ही निवड राज्यांच्या मर्जीवर सोडली, तेथेच खरी मेख आहे. शशी थरूर यांनी 2016 मध्ये लोकसभेत थेट निवडीचे व अधिकारसंपन्न महापौराचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारची दुपार येते आणि तोवर बहुतेक खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. ते विधेयकही पुढे सरकले नाही.