कितवी माळ?

नवरात्रात तारीख-वार मागे पडतात. आमच्याकडे सकाळी एकच प्रश्न असतो, ‘आज कितवी माळ?’ घटावर रोज एक माळ चढते. कुणाकडे विड्याच्या पानांची, कुणाकडे झेंडूची, कुणाकडे कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. त्यामुळे ‘पाचव्या माळेला येतो’ म्हणणाऱ्याला कॅलेंडर दाखवावं लागत नाही. वस्तूच्या नावाने दिवस मोजायची ही सोय मला भारी वाटते.

तसा आपल्याकडे ‘हार’ही आहे. पण हाराचं काम सत्काराचं. घातला, फोटो निघाला की दुसऱ्या मिनिटाला काढून टेबलावर. माळ अशी काढता येत नाही. ‘त्यांनी माळ घातलीय’ म्हटलं की पंगतीत वाढणाऱ्याला उमगतं, मटणाचं भांडं इकडे आणायचं नाही. ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घातलेली ती तुळशीची माळ. तिच्यामागे एकादशी आणि पंढरीची वारी आलीच. ‘हारकरी’ असा शब्द कधी ऐकलाय? माळकरी मात्र गावोगाव. माळीसुद्धा याच माळेतला.

संस्कृत ‘माला’चीच ही माळ. तिला आत काय ओवलंय याची फिकीर नाही. फुलं, रुद्राक्ष, भवानीच्या आराध्यांच्या कवड्या, मोहनमाळेतलं सोनं, दिवाळीतल्या लवंगी, काहीही चालतं. एकामागोमाग एक असलं म्हणजे झालं. वृत्तपत्रांना तर ओवायलाही काही लागत नाही. निवडणूक झाली की ‘मुख्यमंत्रिपदाची माळ कोणाच्या गळ्यात?’ हा मथळा ठरलेला. लोककथेत राजा निवडायला सोंडेत माळ देऊन हत्तीण सोडतात. मथळा लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती हत्तीण असेलच असं नाही, पण आमदारांच्या चेहऱ्यावर मात्र तिची वाट पाहणाऱ्यांचीच कळा.

युरोपात जपाच्या माळेची नावं वेगळ्या वाटेने आली. लॅटिनमधलं ‘रोझारियम’ म्हणजे गुलाबाची बाग. त्यावरून मेरीच्या प्रार्थनांची ‘रोझरी’ झाली. एकोणिसाव्या शतकात एक तर्क निघाला, की हे आपल्या ‘जपमाले’चंच चुकलेलं भाषांतर, ‘जप’ऐवजी कुणी ‘जपा’, म्हणजे जास्वंद, ऐकलं असावं. ऐकायला झकास, पण आधार काही नाही. इंग्रजी ‘बीड’ची गोष्ट मात्र पक्की. त्याचा मूळ अर्थ प्रार्थना. प्रार्थना मोजता मोजता तिचं नाव मण्याला चिकटलं.

मला सगळ्यांत आवडतं ते रोझरीचं गोव्यातलं नाव, ‘तेर्स’. पोर्तुगीज ‘तेर्सु’ म्हणजे एक तृतीयांश. पूर्ण रोझरीत ‘नमो मारिये’ ही प्रार्थना 150 वेळा म्हणायची. हातातल्या माळेत त्यासाठी मणी 50, म्हणून तिसरा हिस्सा. पुढे 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत आणखी पाच रहस्यं, म्हणजे चिंतनाचे प्रसंग, घातली आणि प्रत्येकी दहाच्या हिशेबाने 150चे 200 झाले. हिशेबाने हातातली माळ आता चतुर्थांश भरते. पण भिंतीवरच्या क्रुसापुढे गुडघे टेकणारी कोकणी आजी अपूर्णांक कशाला सोडवत बसेल? ती तेर्सच म्हणते.