पाडव्याचा पट

दीपावलीच्या पाडव्यास आपण बलिप्रतिपदा म्हणतो. परंतु याच तिथीला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, याचे स्मरण आता थोड्याच घरांतून उरले आहे. या दिवशी शंकर-पार्वतींनी द्यूत मांडले आणि पार्वतीची सरशी झाली, अशी कथा आहे. वेरूळच्या २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत हे खेळात रमलेले दांपत्य पाषाणात कोरलेले आहे. द्यूत म्हणताच धर्मराजाचा सर्वनाश आठवून कोणी दचकेल. तथापि सर्वस्व पणाला लावणारा जुगार वेगळा आणि घरच्या माणसांनी सणाच्या दिवशी मांडलेला पट वेगळा, हा विवेक आपल्या पूर्वजांना होता.

आज तो पट आपल्या घरी नाही, असे मात्र नाही. मुलांसाठी आणलेला पुठ्ठ्याचा दुहेरी पट पाहा. एका अंगाला लूडो, दुसऱ्या अंगाला सापशिडी. दोन्ही खेळ विलायती समजून आपण विकत घेतो. वस्तुतः दोन्ही आपल्याच घरचे आहेत. लूडोचे पेटंट इंग्लंडात १८९६ साली घेतले गेले. पण चार पट्ट्यांचा तो आराखडा आपल्या सोंगट्यांचा. सारीपाटाच्या प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चारी पट्ट्यांची ९६ घरे. चार रंगांच्या चार-चार मिळून सोळा सोंगट्या लूडोतही तशाच राहिल्या. लांबट फासे आणि कवड्या मात्र गेल्या.

सापशिडी म्हणजे आपला मोक्षपट. तो ज्ञानेश्वर माउलींनी रचला, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. जुन्या पटांवर घरोघर नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली ओढी, आणि वैष्णव पटांत वैकुंठ हे ध्येय असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा तिकडेही आरंभी काटकसर, पश्चात्ताप अशा गुणांची चित्रे त्यावर होती. पुढे तीही पुसली गेली आणि केवळ आकडे उरले. साप राहिला, पण तो का गिळतो हे सांगणारे कोणी राहिले नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की हा वारसा काचेच्या कपाटात ठेवून टिकणार नाही. माळ्यावरच्या डब्यातील एक सोंगटी हरवली म्हणून सारा संच मोडीत दिला जातो. आजीने हाताने शिवलेला कापडी पट शोभेसाठी भिंतीवर टांगला जातो. ही दोन्ही एकाच विस्मृतीची रूपे होत. हरवलेल्या सोंगटीच्या जागी गुंडी चालते, फाशांऐवजी फोडलेले चिंचोके चालतात. खेळास खंड पडला, तर मात्र त्याची भरपाई कशानेच होत नाही. मोबाईलवर हेच खेळ आज खेळले जातात हे खरे. परंतु तेथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि सोंगटी मारली गेल्यावर हसून पुन्हा आरंभ करण्याचा संस्कार चेहऱ्याकडे पाहूनच होतो.

म्हणून यंदाच्या पाडव्यास ओवाळणी झाल्यावर पतिपत्नींनी, आजी-नातवंडांनी पट मांडावा. पैसा मध्ये येऊ देऊ नये. सापशिडीच पुढे असेल, तर मुलांच्या हाती पेन्सिल द्यावी. प्रत्येक सापाच्या मुखाशी एक दुर्गुण, प्रत्येक शिडीच्या पायाशी एक सद्गुण त्यांनीच लिहावा. कोणत्या सापाला कोणते नाव द्यावे, यावर वाद होईल. तो अवश्य होऊ द्यावा. मोठ्यांचे दुर्गुण मुलांना किती नेमके ठाऊक असतात, हे त्या वेळी कळेल. आणि दिवाळीत दिवा घराप्रमाणे अंतरीही लावायचा असतो, याचे स्मरण आपोआप होईल.